तिसऱ्या रांगेचं उरलेलं

पांढऱ्या उंदराला शेपटीने उचलून लटकवायचं नाही. तो वळतो आणि चावतो. तळहात पाठीवरून सपाट न्यायचा, अंगठा एका पुढच्या पायाखाली, बोट दुसऱ्या पायाखाली, आणि मग उचलायचा. घट्ट धरला तर त्याचा श्वास कोंडतो, सैल धरला तर तुमचं बोट जातं. मला हे शिकायला पंधरा दिवस लागले. डाव्या हाताच्या बोटावर त्याची खूण अजून आहे.

धारवाडच्या एका औषधशास्त्राच्या कॉलेजात मी तेवीस वर्षं उंदीरघर सांभाळलं. कागदावर त्या जागेला लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण प्रिन्सिपॉलपासून झाडूवालीपर्यंत सगळे उंदीरघरच म्हणायचे. माझं शिक्षण चौथीपर्यंत, अळणावरजवळच्या आमच्या खेड्यात, मराठी शाळेत. कन्नड बाजारात शिकले, आणि इंग्रजी पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून जेवढं येईल तेवढं. या अंकाच्या संपादक बाईंनी मला सांगितलं, "अक्का, संशोधनाला तुम्ही जो हातभार लावलात त्याबद्दल लिहा." हातभार लावला तो थोडा. एकदा हातानेच बिघडवलं, ते जास्त लिहिण्यासारखं आहे.

आधी काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

सकाळी आठला दार उघडायचं. आत एक वास असतो. नवीन माणूस नाकाला रुमाल लावतो, आम्हाला तो येतच नाही. पिंजऱ्यांमध्ये भाताचं तूस पसरलेलं असतं, ते बदलायचं. पाण्याच्या बाटल्या धुऊन भरायच्या. खाद्याच्या कांड्या असतात, बोटाएवढ्या, कडक. त्या संध्याकाळी तोलून घालायच्या, कारण उंदीर रात्री खातो. सकाळी काय उरलं ते बघायचं आणि वहीत लिहायचं. मग विद्यार्थी येतात. त्यांना औषध द्यायचं असतं, त्यासाठी उंदीर धरायचा. उंदराला गोळी गिळ म्हणून सांगता येत नाही. सुईसारखी नळी असते, टोकाला गोल मणी, म्हणजे घसा फाटू नये. ती तोंडातून अलगद पोटापर्यंत न्यायची आणि पिचकारी दाबायची. नळी विद्यार्थ्यांच्या हातात, उंदीर माझ्या हातात. चुकून नळी फुप्फुसात गेली तर उंदीर तिथेच मरतो. माझ्या हातात असताना तसे फार थोडे मेले. हे मी फुशारकीने सांगते आहे.

शेजारपाजारचे चेष्टा करायचे. आमच्या गल्लीत एक गौरम्मा होती, ती गणपतीच्या दिवसांत हटकून विचारायची, "काय अक्का, देवाच्या वाहनाला सुया टोचून आलात?" मी म्हणायची, "हो, आणि देवाने अजून तक्रार केलेली नाही. तुला साखर झाली की तूच ये विचारायला." तिला पुढे खरंच साखर झाली. पण ती विचारायला आली नाही.

साखर म्हणजे मधुमेह. आमच्याकडे बहुतेक काम त्यावरच चालायचं. त्या विद्यार्थ्यांपैकी शिल्पाबद्दल मला सांगायचं आहे.

शिल्पा गदगकडची. वडील मागावर साड्या विणायचे. घरातली पहिली मुलगी जी एवढी शिकली. धारवाडातच सप्तापूरला खोली घेऊन राहायची, तिघी मिळून. डॉक्टरेट करत होती. रोज सकाळी आल्या आल्या विचारायची, "ऊटा आतेन्री अक्का?" जेवण झालं का. सकाळी नऊ वाजता कुणाचं जेवण होतं? पण तिकडची तीच रीत, आणि ती मनापासून विचारायची. मराठी तिला मोडकंतोडकं यायचं. आम्ही निम्मं कन्नड, निम्मं मराठी असं बोलायचो आणि दोघींचंही काही अडायचं नाही.

ती काय करते आहे ते मी तिला एकदा विचारलं. बाकीचे विद्यार्थी "तुम्हाला नाही कळणार" म्हणायचे. ही खाली तुसाच्या पोत्यावर बसली आणि तिने सांगितलं.

"अक्का, इन्सुलिन काय असतं माहीत आहे?"

"माहीत आहे की. रोज सकाळी मालकांना टोचते."

मालक म्हणजे माझे यजमान. धारवाडजवळच्या बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या कारखान्यात होते. साखर झाली, हात थरथरायला लागले, म्हणून सुई मीच द्यायची. उंदरांचा हात माझ्या अंगवळणी पडलेला होता, तो घरी कामाला आला.

"मग ते सुईनेच का देतात? गोळी का नाही?"

"ते मला काय विचारतेस?"

"कारण इन्सुलिन म्हणजे प्रथिन. डाळीत असतं ना, तसं. पोटात गेलं की पोट त्याला पचवून टाकतं. पोटाला काय कळतंय, हे औषध आहे म्हणून? त्याच्या हिशेबी ती डाळ."

हे मला एका क्षणात कळलं. पुढचंही तिने सांगितलं. पोटातल्या आंबटातून वाचलं तरी खाली आतड्यात ते तोडणारे रस असतात. त्यातूनही वाचलं तर आतड्याच्या भिंतीतून रक्तात जायला ते फार मोठं असतं, चाळणीतून हरभरा जात नाही तसं. म्हणून ती इन्सुलिनचे बारीक बारीक दाणे करायची आणि त्यांना लेप द्यायची. लेप असा की आंबटात विरघळू नये, खाली गेल्यावर सुटावा, आणि आतड्याला चिकटून राहावा, म्हणजे औषधाला आत शिरायला वेळ मिळेल. लेपातली एक पूड झिंग्याच्या टरफलापासून केलेली होती.

"झिंगा?" मी म्हटलं. "तू तर लिंगायत. हात लावतेस?"

"डबीत पांढरी पूड असते अक्का. अप्पांना सांगितलेलं नाही."

तर असं ते काम. जगभरात किती तरी शहाणी माणसं वर्षानुवर्षं त्याच्यामागे आहेत असं ती म्हणायची, आणि कुणालाही पुरतं जमलेलं नाही. ती धारवाडात एका जुन्या मिक्सरवर आणि माझ्या उंदरांवर ते करू बघत होती.

मी घरी सांगितलं. मालक जेवत होते. म्हणाले, "म्हणजे सुई सुटणार?"

"जमलं तर."

"उंदरांना सांग, लवकर आटपा. माझी मांडी चाळणी झाली आहे."

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी दारात चप्पल काढते न काढते तोच त्यांचा प्रश्न ठरलेला. "काय म्हणतात तुझे डॉक्टर लोक?" डॉक्टर लोक म्हणजे उंदीर.

शिल्पाच्या प्रयोगात उंदरांच्या तीन रांगा होत्या, प्रत्येक रांगेत आठ. सगळ्यांना एक इंजेक्शन देऊन आधी साखर केलेली. पहिल्या रांगेला इन्सुलिनची सुई. दुसऱ्या रांगेला तेच इन्सुलिन नुसतं पाण्यात कालवून नळीने, लेप नाही. ते पचून जाणार हे माहीत होतं, तेच दाखवायचं होतं. तिसऱ्या रांगेला लेपाचे दाणे. आठवड्यातून एकदा शेपटीच्या टोकाचा रक्ताचा थेंब पट्टीवर घेऊन साखर बघायची आणि लिहायची. हे काही आठवडे चाललं.

साखर झालेला उंदीर मला पट्टीशिवाय ओळखता येतो. तो पाणी फार पितो, त्यामुळे फार मुततो. त्याचं तूस सकाळी चिखल झालेलं असतं. आणि तो वखवखलेला असतो, कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही. दुसऱ्या रांगेचं तसंच होतं. सकाळी मी गेले की आठही उंदीर जाळीला पंजे लावून उभे. कांडीचा कण शिल्लक नाही.

तिसऱ्या रांगेत मात्र दुसऱ्या आठवड्यापासून फरक दिसायला लागला. तूस कोरडं. मी दोन सकाळी बघितलं, तिसऱ्या सकाळी शिल्पा आल्यावर सांगितलं, "तुझ्या तिसऱ्या रांगेचं तूस बघ."

तिने हात घातला. मग पट्ट्या काढल्या. एकेक उंदीर मी धरला, एकेक आकडा तिने वाचला. चौथ्या उंदरानंतर तिचा आवाज बदलला. आठवा झाल्यावर माझ्या हातातला उंदीर तिने स्वतः पिंजऱ्यात ठेवला आणि मला मिठी मारली. माझ्या अंगाला उंदरांचा वास होता, तिला त्याचं काही नव्हतं.

साखर उतरली होती. थोडी नाही, चांगली उतरली होती. आणि पुढेही उतरत राहिली.

तिचे मार्गदर्शक देसाई सर उंदीरघरात सहसा येत नसत. त्या आठवड्यात दोनदा आले. मला म्हणाले, "अक्का, तुमच्या हातगुणाने झालं." मला बरं वाटलं. घरी मी सांगितलं. मालकांनी दुसऱ्या दिवशी बेलूरला जाऊन कारखान्याच्या जुन्या सोबत्यांना सांगितलं. गौरम्माला सांगितलं. दूधवाल्याला सांगितलं. "आमच्या हिने गोळी काढली," असं. मी म्हटलं, मी नाही काढली, मी उंदीर धरला. म्हणाले, "एकूण एकच."

शिल्पाचंही सगळं मार्गी लागत होतं. गदगला एका कॉलेजात जागा होती, घरापासून चालत जाण्याएवढी. तिथल्या लोकांनी सांगितलं होतं, वर्ग सुरू व्हायच्या आत प्रबंध दिलात तर जागा तुमची. वडिलांचे डोळे मागावर बसून गेले होते, त्यांना घरात कमावतं माणूस हवं होतं. उंदरांना दाणे देणं चालूच होतं, आणि ती रात्रंदिवस लिहीत होती.

एका दुपारी ती खाद्याची वही घेऊन आली. वहीत प्रत्येक पिंजऱ्यासाठी दोन रकाने होते. किती घातलं आणि किती उरलं. हे दोन्ही मी लिहायची.

"अक्का, उरलेलं सगळीकडे शून्य आहे. तिन्ही रांगा सारखंच खात होत्या ना?"

"काही उरलं नाही," मी म्हटलं.

"बेस्ट. नाहीतर परीक्षक म्हणतात, उंदराने खाल्लंच नसेल, म्हणून साखर उतरली."

ती हसली आणि गेली. मी पिंजरे धुवायला लागले. माझ्या डोक्यात काहीसुद्धा आलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे. मी खोटं बोलले नव्हते.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मालकांचं पोट बिघडलं. संध्याकाळी जेवले नाहीत. सकाळी मी नेहमीसारखी सुई दिली, चहा ठेवला, तेवढ्यात त्यांना दरदरून घाम फुटला. हात गार. बोलणं अडखळायला लागलं. मी तोंडात साखर घातली आणि रिक्षाने कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी रक्त बघितलं आणि मला रागावले.

"आजी, काल जेवले होते का?"

"नाही."

"मग सुई पूर्ण कशी दिली? माणूस जेवला नाही की साखर आपोआप उतरते. त्यावर औषध दिलंत. जेवणाचं बघायचं आधी, औषधाचं नंतर."

मालक बाकावर पडून म्हणाले, "रागवू नका साहेब, ती उंदरांची डॉक्टर आहे."

मी हसले नाही. मला तिसरी रांग दिसत होती.

तिसऱ्या रांगेचे उंदीर खात नव्हते. म्हणजे खात होते, पण अर्धं. दुसऱ्या आठवड्यापासून रोज सकाळी त्यांच्या पिंजऱ्यांत कांड्या पडलेल्या असायच्या. मी त्या रोज उचलायची. आणि शेजारच्या रांगेत घालायची.

अन्न टाकायचं नाही, हे मला कुणी शिकवलेलं नाही. आमच्या घरी ते शिकवावं लागत नसे. ताटात राहिलं तर दुसऱ्याच्या ताटात जायचं, दुसऱ्याचं झालं असेल तर म्हशीला. उकिरड्यावर भाकरी पडलेली मी लहानपणी पाहिलेली नाही. दुसऱ्या रांगेचे उंदीर जाळीला लोंबकळून माझ्याकडे बघत असायचे, तिसरीत कांड्या तशाच पडलेल्या. मी इकडच्या उचलून तिकडे टाकायची. मग पुढच्या क्षणी वही काढायची. काही उरलं का? नाही. शून्य.

म्हणजे तिसरी रांग अर्धपोटी राहिली, म्हणून तिची साखर उतरली. दुसरी रांग दीडपट खाऊन बसली, म्हणून तिची चढली. आणि दोघांमधला तो मोठा फरक शिल्पाच्या लेपाचा ठरला. वही सांगत होती, दोन्हींनी सारखं खाल्लं. वही माझ्या अक्षरात होती.

दोन दिवस मी गप्प होते. खरं सांगायचं तर तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी. मी तेव्हा रोजंदारीवर होते. कायम करण्याचा कागद ऑफिसात गेला होता. आणि मालकांनी सगळ्या धारवाडला सांगून ठेवलं होतं. मी स्वतःला सांगून बघितलं की लेपाचंही काहीतरी असेल. असेलही. पण किती, ते आता कुणालाच कळणार नव्हतं, हीच तर अडचण होती. कुणीतरी त्या आकड्यांवर पुढे काम करेल, माणसाला गोळी देईल, आणि सुई बंद करेल. ते माणूस मला मालकांसारखं दिसायचं.

तिसऱ्या दिवशी शिल्पा एकटी असताना मी तिला सांगितलं. आडवळण घेतलं नाही. कुठल्या रांगेतून उचललं, कुठल्या रांगेत घातलं, कधीपासून.

ती आधी हसली, मी चेष्टा करते आहे असं वाटून. मग तिचा चेहरा उतरला.

"ह्याकरी अक्का? असं का केलं तुम्ही?"

"वाया जात होतं म्हणून."

"वाया?" ती ओरडली. "माझी चार वर्षं वाया गेली ना!"

  ती भिंतीला टेकून उभी राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "यारिगू हेळब्याडरी." कुणाला सांगू नका. "सरांना नको. आता सगळं लिहून झालंय. गदगचे लोक थांबणार नाहीत."

"मी सांगणार नाही," मी म्हटलं. "वहीत शून्य मी लिहिलंय, ते माझं पाप. पण प्रबंधावर नाव तुझं आहे. तू ठरव. पण मला सरांनी विचारलं तर मी खोटं सांगणार नाही, हेही ऐकून ठेव."

"सर कशाला विचारतील?"

"नाही विचारणार."

ती निघून गेली. दोन दिवस आली नाही. त्या दोन दिवसांत तिसऱ्या रांगेला लेपाचे दाणे मिळाले नाहीत, कारण ते देणारी तीच. मी कांड्या घातल्या. पहिल्या सकाळी थोड्या उरल्या. दुसऱ्या सकाळी एकही नाही. मी काहीही हलवलं नव्हतं. लेपाचे दाणे बंद झाले आणि भूक परत आली. तेव्हा माझी खात्री झाली. ती झिंग्याची पूड पोटात जाऊन फुगत असेल, चिकटून बसत असेल, त्याने त्यांची भूक मरत असेल. मी उंदीर ओळखते.

तिसऱ्या दिवशी ती आली. जेवण झालं का, विचारलं नाही. प्रयोगशाळेतला बारीक तराजू दोन्ही हातांत धरून आणला होता. म्हणाली, "आज दाणे देऊ. उद्या सकाळी तुम्ही काही उचलायचं नाही. मी आठच्या आधी येते."

दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढायला गेले तेव्हा ती दारातच उभी होती. आम्ही दोघींनी एकेका पिंजऱ्यातलं उरलेलं काढून तोललं. आकडे ती मोठ्याने वाचत होती, पहिल्यांदा साखरेचे वाचले होते तसेच. निम्म्याच्या आसपास उरलं होतं. आठवा पिंजरा झाल्यावर तिने तराजू पुसला, झाकण लावलं आणि म्हणाली, "चला."

सरांच्या खोलीत बोलली ती. मी मागे उभी होते. तिने माझं नाव न घेता सांगायला सुरुवात केली, "खाद्याच्या नोंदीत चूक झाली आहे," असं. मी मध्ये बोलले, "चूक मी केली आहे."

सरांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. मग मला म्हणाले, "एका पिंजऱ्यातलं दुसऱ्यात घालायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मग?"

"घालू नका, असंही कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हा लोकांना उरलेलं टाकून द्यायची सवय आहे, म्हणून तुम्हाला सांगायचं सुचलं नाही."

शिल्पाने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, गेली नोकरी. सर उठले, खिडकीपाशी गेले, आणि तिकडेच बघत म्हणाले, "वही बघून मीसुद्धा सही केली आहे. सलग शून्य. एकही उंदीर एकाही दिवशी एक कणही टाकत नाही, असं कुठे असतं का? मला कळायला हवं होतं." मग तिला म्हणाले, "पुन्हा करायचं. आणि चौथी रांग घ्या. लेपाचे दाणे, पण आत इन्सुलिन नाही. मग कळेल भुकेचं किती आणि औषधाचं किती."

ती "हौद्री सर" म्हणाली, होय सर. बाहेर येऊन पायरीवर बसली आणि रडली. मी जवळ बसले नाही. मला तसलं येत नाही, आणि माझ्यामुळेच ती रडत होती. मी उंदीरघरात गेले. पाणी बदलायचं राहिलं होतं.

पुन्हा करायला जवळजवळ वर्ष गेलं. नवीन उंदीर, नवीन परवानग्या. गदगची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. तिचे वडील एकदा धारवाडला आले होते, जाड चष्मा लावून, मुलगी काय करते ते बघायला. तिने त्यांना उंदीरघर दाखवलं. त्यांना वाटलं मी कुणी मोठी बाई आहे, त्यांनी मला हात जोडले. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

आणि उंदरांचं सांगते. प्रयोग संपला की उंदीर ठेवत नाहीत. नियमाप्रमाणे मारतात, शांतपणे. त्या शिल्लक भागाबद्दल आम्ही कुणी बोलत नाही. पहिल्या खेपेचे चोवीस होते. त्यांच्याकडून काही कळलं असतं तर त्यांच्या मरण्याला अर्थ होता. माझ्यामुळे काहीच कळलं नाही. कांड्या वाया जाऊ नयेत म्हणून मी चोवीस उंदीर वाया घालवले. तेवीस वर्षांत मला खरोखर बोचलेली गोष्ट हीच.

दुसऱ्या खेपेला मी एकही कण इकडचा तिकडे केला नाही. उरलेल्या कांड्या तोलून, लिहून, पिशवीत भरून टाकून द्यायच्या. पहिल्या दिवशी ती पिशवी फेकताना माझा हात अडला. शिल्पा बघत होती. म्हणाली, "टाका अक्का." टाकली.

निकाल आला. चौथ्या रांगेत, जिथे औषधच नव्हतं, तिथेही साखर उतरली होती, भुकेमुळे. तिसऱ्या रांगेत त्याहून थोडी जास्त उतरली. ते थोडं जास्त, तेवढं शिल्पाच्या लेपाचं. पहिल्यांदा डोंगर दिसला होता, आता ढेकूळ निघालं. पण ढेकूळ खरं होतं. तिला डॉक्टरेट त्याच ढेकळावर मिळाली.

मालकांना मी सगळं सांगितलं होतं, शिल्पाला सांगितलं त्याच संध्याकाळी.  त्यांना बेलूरच्या लोकांना तोंड दाखवायचं होतं. मग म्हणाले, "मग गोळी?"

"तुमच्या जन्मात नाही."

"तू निदान जरा गोड बोलत जा की. साखर असलेल्या माणसाला तेवढंच गोड चालतं." आणि मांडी पुढे केली. "आण सुई."

ते जाईपर्यंत सुईच होती. आता म्हणे साखरेच्या एका वेगळ्या औषधाची गोळी निघाली आहे. तेही प्रथिनाच्याच जातीचं, पण लहान, आणि उपाशी पोटी, घोटभर पाण्याबरोबर घ्यायचं. मागच्या वर्षी शिल्पानेच मला सांगितलं. इन्सुलिनची मात्र अजून नाही. शिल्पा आता दुसऱ्या गावी शिकवते, तिच्या हाताखाली मुलं संशोधन करतात. धारवाडला आली होती तेव्हा भेटून गेली. दारातच विचारलं, "ऊटा आतेन्री अक्का?" मी म्हटलं, "अकरा वाजलेत, आत ये." म्हणाली, तिच्या उंदीरघरात दारावर एक पाटी लावली आहे. उरलेलं खाद्य दुसऱ्या पिंजऱ्यात घालू नये. नवीन मुलं ती वाचून हसतात. विचारतात, मॅडम, असं कोण करेल?

"काय सांगतेस मग?"

"सांगते, चांगल्या माणसांनी केलंय."

"दीडशहाण्या म्हण. चांगल्या काय?"

मलाही आता साखर आहे. पाच वर्षं झाली. सुई मी माझी मीच घेते, हात अजून थरथरत नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी, तेच जे मला रागावले होते, एक वही करायला लावली आहे. काय खाल्लं, किती खाल्लं, साखर किती. मी त्यात एक रकाना माझ्या मनाने वाढवला. उरलं. डॉक्टर म्हणाले, हे कशाला? मी म्हटलं, असू दे.

आज सकाळची नोंद आहे. ज्वारीच्या दोन भाकऱ्या केल्या, दीड खाल्ली. उरली अर्धी. घरात दुसरं ताट नाही, म्हैस नाही. दुपारी ती अर्धी मीच दह्याबरोबर खाल्ली. मग वही काढली, सकाळचा आकडा खोडला नाही, खाली वेळ घालून लिहिलं: उरलेली अर्धी खाल्ली. आता शून्य.